समान चुकांची साक्ष

एखादी घटना कोणी डोळ्यांनी पाहिली नाही म्हणून ती घडलीच नाही असे म्हणावयाचे ठरविले, तर न्यायालयांना टाळे लावावे लागेल आणि इतिहासाची सारी पुस्तके रद्दीत घालावी लागतील. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत भरलेल्या वैदिक संमेलनाच्या निमित्ताने केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनच्या सिद्धांताला नेमका हाच निकष लावला होता. वानराचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहून अथवा सांगून ठेवलेले नाही. सबब हा सिद्धांत चुकीचा आहे आणि अभ्यासक्रम बदलावयास हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तीनही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्यास हरकत घेतली आणि त्यांच्याच खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधाने टाळण्यास त्यांना सांगितले. मौज अशी की, हे राज्यमंत्री पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसताना परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी जुळविणे हे ज्या खात्याचे रोजचे काम, त्या खात्यात हयात काढलेल्या गृहस्थांनी निसर्गाकडे मात्र डोळ्यांदेखतचा साक्षीदार मागावा, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

मंत्र्यांना हसणे सोपे आहे. परंतु त्यांना उत्तर देणाऱ्यांपैकी अनेकांनी जे सांगितले, तेही फारसे समाधानकारक नव्हते. माणूस आणि चिंपांझी यांच्या डीएनएमध्ये ९९ टक्के साम्य आहे, त्याअर्थी दोघांचा पूर्वज एकच, असे एका दमात सांगून अनेकांनी विषय संपविला. या विधानातील पहिला भाग स्थूलमानाने खरा आहे आणि निष्कर्षही खरा आहे; पण पहिल्यावरून दुसरे आपोआप निघत नाही. एकाच कुंभाराने एकाच मातीचे रांजण, मडकी आणि पणत्या घडविल्या तर त्यांच्यातही साम्य असणारच. तेवढ्यावरून पणती ही मडक्याची बहीण ठरत नाही, असे कोणी म्हटले तर त्यास काय उत्तर द्यावयाचे? उत्तर आहे, आणि ते भक्कम आहे. मात्र ते साम्याच्या टक्क्यात शोधून सापडणार नाही.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकास ते ठाऊक असते. दोन विद्यार्थ्यांनी एखादे गणित बरोबर सोडविले म्हणून त्यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असे कोणी म्हणत नाही. बरोबर उत्तर सर्वांचे सारखेच येते. पण दोघांनीही तिसऱ्या पायरीवर हातचा विसरला, पुढे त्याच ठिकाणी वजाबाकीऐवजी बेरीज केली आणि शेवटी दोघांनीही 'चौरस सेंटिमीटर'मधला 'चौरस' गाळला, तर परीक्षकास साक्षीदाराची गरज उरत नाही. बरोबर असण्याला कारण एकच असते, ते म्हणजे बरोबर असणे. चुकण्याचे मार्ग मात्र असंख्य असतात; त्या असंख्य मार्गांतून दोघेजण पावलागणिक एकाच मार्गाने चुकतात तेव्हा त्याचा उगम एकच असला पाहिजे.

जुन्या ग्रंथांची पाठचिकित्सा याच तर्कावर उभी आहे. महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याला शास्त्रीय शिस्त लावली आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. त्यासाठी शारदा, बंगाली, तेलुगू, मलयाळम अशा नाना लिप्यांतील बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. अमुक पोथी तमुक पोथीवरून उतरून घेताना कोणीही पाहिले नव्हते. लेखनिकांची नावेही बहुधा अज्ञात होती. तथापि एखादी ओळ गाळलेली, एखादा श्लोक घुसडलेला, एखादा शब्द भ्रष्ट झालेला, अशा समान खुणांवरून पोथ्यांची घराणी लावता आली. लेखनिक काही ठिकाणी दोन पोथ्या समोर ठेवून नक्कल करीत, त्यामुळे घराण्यांची सरमिसळ झाली आणि काम बिकट बनले, हेही सुकथनकरांनी दाखवून दिले. जीवसृष्टीतही जिवाणू परस्परांत जनुकांची देवघेव करतात आणि तेथे वंशवृक्षाचे जाळे होते. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही.

डीएनए ही अशीच पिढ्यान्‌पिढ्या उतरून घेतली जाणारी पोथी आहे. तिची वर्णमाला चार अक्षरांची, आणि माणसाच्या पोथीत अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. नक्कल विलक्षण काळजीपूर्वक होते, तरी पूर्ण निर्दोष होत नाही. प्रत्येक नवजात बालकाच्या पोथीत आईबापांच्या पोथीत नसलेले साधारण साठ-सत्तर नवे फेरफार असतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. जे टिकतात ते पुढच्या पिढ्यांत उतरतात, आणि येथेच वंशावळीचा धागा हाती लागतो.

एक उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व आपल्या यकृतात स्वतःच तयार करतात. गाईला वा मांजराला आवळा किंवा लिंबू खावे लागत नाही. माणसाला मात्र हे जीवनसत्त्व अन्नातून मिळाले नाही तर हिरड्यांतून रक्त येऊ लागते आणि स्कर्व्ही होतो. लांबच्या सागरी सफरींवर निघालेले असंख्य खलाशी या रोगाने मेले. याचे कारण असे की, हे जीवनसत्त्व बनविण्याची शेवटची पायरी पार पाडणाऱ्या विकराचे जनुक माणसात मोडून पडले आहे. ते नाहीसे झालेले नाही; मोडक्या अवस्थेत ते अजून आपल्या आठव्या गुणसूत्रावर पडून आहे. उंदरात या जनुकाचे बारा खंड असतात. त्यांपैकी सात माणसात गळाले आहेत. आता पाहण्याची गोष्ट ही की, चिंपांझी आणि ओरांगउटान यांच्यातही हेच जनुक मोडलेले आहे, आणि मोडतोडीची खूणही तीच आहे. माथेरान-महाबळेश्वरला प्रवाशांच्या हातचा पेरू पळविणारे लालतोंडे माकड ज्या मकाक वर्गातले, त्या वर्गातही तीच. पेरूची त्यालाही तितकीच गरज आहे.

यावर कोणी म्हणेल की, फळे भरपूर खाणाऱ्या प्राण्यांना या जनुकाची गरज नव्हती, तेव्हा ते प्रत्येकात स्वतंत्रपणे मोडले असेल. ही शंका रास्त आहे, आणि निसर्गाने तिची परस्पर चाचणीही घेऊन ठेवली आहे. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व बनविता येत नाही. त्याचेही जनुक मोडलेले आहे. पण त्यातील मोडतोडीची खूण वेगळी आहे. म्हणजे स्वतंत्रपणे मोडले की ते वेगळ्या तऱ्हेने मोडते. माणूस, चिंपांझी आणि मकाक यांच्यात ते एकाच तऱ्हेने मोडले आहे, कारण ते एकदाच, त्यांच्या समान पूर्वजात मोडले आणि नंतर उतरत आले. कुंभाराच्या दृष्टान्ताला उत्तर मिळते ते येथे. चांगली माती पुनःपुन्हा वापरणे कोणत्याही कारागिराला शोभेल. पण तडा गेलेले मडके घेऊन त्याच तड्याची हुबेहूब नक्कल दुसऱ्या मडक्यात कोण करील? माणसाच्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग तर फार पूर्वी घुसलेल्या विषाणूंच्या अवशेषांचा आहे, आणि त्यांतील फार मोठा हिस्सा चिंपांझीच्या डीएनएमध्ये नेमक्या त्याच जागी बसलेला आढळतो.

दुसरे उदाहरण गुणसूत्रांच्या संख्येचे. माणसात ४६ गुणसूत्रे असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात ४८. समान पूर्वजाच्या कल्पनेपुढे ही उघड अडचण होती, कारण गुणसूत्रांची अख्खी जोडी हरवून प्राणी जगत नाही. ती हरवली नसेल, तर कोठे तरी दोन गुणसूत्रे एकमेकांना चिकटली असली पाहिजेत. १९८२ साली जॉर्ज युनिस आणि ओम प्रकाश यांनी रंगविलेल्या गुणसूत्रांवरील पट्टे ताडून पाहिले, तेव्हा माणसाचे दुसरे गुणसूत्र हे वानरांच्या दोन लहान गुणसूत्रांच्या जोडणीने बनल्यासारखे दिसले. १९९१ मध्ये तो सांधाच सापडला. गुणसूत्राच्या टोकाशी, आणि बहुतांशी टोकाशीच, जी ठरावीक अक्षरे पुनःपुन्हा येतात, ती या गुणसूत्राच्या मध्यभागी परस्परांकडे तोंड करून उभी होती. दुसऱ्या मध्यबिंदूचा निकामी अवशेषही त्यावर आहे. सांधा सापडला नसता तर सिद्धांत अडचणीत आला असता. सिद्धांत असा स्वतःला धोक्यात घालतो, तेव्हाच त्याला शास्त्र म्हणावयाचे. अर्थशास्त्रातील कित्येक सिद्धांतांविषयी असे म्हणता येत नाही, हे येथे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

आता त्या ९९ टक्क्यांविषयी. महागाईचा निर्देशांक वाचणाऱ्याला ठाऊक असते की, आकडा हा टोपलीत कोणत्या वस्तू घातल्या यावर अवलंबून असतो. येथेही तसेच आहे. २००५ साली चिंपांझीच्या डीएनएचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा जे भाग ओळीला ओळ लावून ताडता येतात त्यांत अक्षराअक्षराचा फरक १.२३ टक्के, म्हणजे सुमारे साडेतीन कोटी अक्षरांचा निघाला. याखेरीज सुमारे पन्नास लाख ठिकाणी लहानमोठे तुकडे गळालेले किंवा भर पडलेले आढळले. ते सारे टोपलीत घातले की साम्य कमी होते. २०२५ मध्ये वानरांच्या डीएनएची अथपासून इतिपर्यंतची वाचने प्रसिद्ध झाली. त्यात न जुळणारे भाग आणखी मोठे दिसले आणि '९९ टक्के ही थाप होती' अशी ओरड काहींनी सुरू केली. पण अशा पुनरुक्तीने भरलेल्या भागांत दोन माणसांच्या पोथ्याही एकमेकींशी पुष्कळदा नीट जुळत नाहीत. माप कोणतेही घ्या, क्रम बदलत नाही: माणसाला सर्वांत जवळचे चिंपांझी आणि बोनोबो, त्यानंतर गोरिला, त्यानंतर ओरांगउटान. टक्का हा वादाचा विषय होऊ शकतो. हा क्रम वादाच्या पलीकडे गेलेला आहे. 'चिंपांझीपासून माणूस झाला' असेही यातून निघत नाही. चुलतभाऊ हा आजोबा नव्हे.

या क्रमालाही एक गुंतागुंत आहे, आणि ती लपविण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये गोरिलाचा डीएनए वाचून झाला, तेव्हा सुमारे तीस टक्के भागांत गोरिला हा माणसाला किंवा चिंपांझीला, ते दोघे एकमेकांना आहेत त्याहून अधिक जवळचा निघाला. घरातल्या दागिन्यांच्या वाटण्या झाल्या की आजीची नथ कधी सख्ख्या नातींपैकी एकीकडे आणि तिच्या चुलत बहिणीकडे सारख्या घडणीची निघते, आणि दुसरीकडे वेगळीच. पूर्वजांच्या समूहात एकाच जनुकाचे अनेक प्रकार नांदत होते आणि फाटे लवकर लवकर फुटले, म्हणून वाटणी अशी झाली. बहुसंख्य पाने एकच वंशावळ सांगतात. उरलेली पाने फाटे किती लागोपाठ फुटले ते सांगतात.

रेणूंच्या साक्षीचे बळ किती, हे ज्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट झाले त्याचा भारताशी थेट संबंध आहे. १९३२ साली येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुइस यांना आजच्या हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर येथे, शिवालिकच्या टेकड्यांत, वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्याचे नाव त्यांनी रामापिथेकस, म्हणजे रामाचा वानर, असे ठेवले. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी हा प्राणी मानवी शाखेचा आद्य पुरुष असल्याचे मत मांडले. त्याचे वय एक कोटी चाळीस लाख वर्षांच्या घरात धरले जाई. साऱ्या जगाच्या पाठ्यपुस्तकांत तो जाऊन बसला. मानवाचा आदिपूर्वज हिमालयाच्या पायथ्याशी वावरला, आणि त्याला नावही रामाचे, ही गोष्ट भारतीय वाचकाला सुखावणारी होती, यात नवल नाही.

१९६७ मध्ये बर्कली येथील व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी या सुखात विघ्न आणले. डीएनए वाचण्याची सोय तेव्हा नव्हती; त्यांनी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनातील फरक मोजले आणि माणूस व आफ्रिकी वानर यांच्या वाटा जेमतेम पन्नास लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असा हिशेब मांडला. हा हिशेब खरा असेल तर त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला प्राणी केवळ माणसाचा पूर्वज असणे शक्यच नव्हते, मग त्याचे दात कसे का दिसेनात. जीवाश्मतज्ज्ञांनी हे मत बराच काळ धुडकावून लावले. हाडे हातात धरलेल्यांना परीक्षानळीतील साक्ष पटणे कठीणच. परंतु रामापिथेकसचा सारा डोलारा जबड्याच्या तुकड्यांवर होता. त्या तुकड्यांत मधला भाग नव्हता. तो माणसासारखा कमानदार असावा असे धरून जोडणी केली गेली होती. पुढे पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवापिथेकसचा बराचसा पूर्ण चेहरा मिळाला आणि १९८२ साली खुद्द पिलबीम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो चेहरा ओरांगउटानच्या चेहऱ्याशी मिळताजुळता होता. रामापिथेकस हा निराळा प्राणी नसून शिवापिथेकसच होय, हे हळूहळू सर्वांनी मान्य केले, आणि पिलबीम यांनी आपले पूर्वीचे मत उघडपणे सोडून दिले. पुढे डीएनए प्रत्यक्ष वाचता येऊ लागल्यावर सारिच-विल्सन यांचा काळ थोडा मागे सरकला, साठ-सत्तर लाख वर्षांच्या आसपास गेला. पण रामापिथेकसला जागा होईल इतका तो मागे कधीच गेला नाही.

हा तर्क आपल्या समाजाला परका आहे, असेही नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पितृत्वाच्या दाव्यांत डीएनएचा पुरावा आपल्या न्यायालयांपुढे येऊ लागला. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंह यांनी त्यासाठी जो शोधक वापरला, तो पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएवरून मिळालेला होता. सापाचा तुकडा माणसाच्या डीएनएला चिकटतो, एवढ्यावरून साप आणि माणूस यांचे नाते सिद्ध होते असे मात्र समजू नये. तो तुकडा चार अक्षरांच्या साध्या आवर्तनाचा आहे, आणि अशी आवर्तने स्वतंत्रपणेही उपजतात. पण बापलेकांचे नाते ज्या पुराव्यावर न्यायाधीश मान्य करतात आणि पक्षकारही बहुधा मुकाट्याने स्वीकारतात, त्याच जातीचा पुरावा काही लाख पिढ्या मागे नेला की तो अपमानास्पद वाटू लागतो, हे विसंगत आहे.

२०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून, विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्याच्या नावाखाली, उत्क्रांतीचा भाग गाळण्यात आला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या पाठाचे नाव नुसते 'आनुवंशिकता' उरले. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी पत्रक काढून निषेध नोंदविला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय ठेवलाच आहे, असे समर्थन करण्यात आले. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेणारे कितीसे असतात? वाणिज्य वा कला शाखेकडे वळणारा, पुढे बँकेत, कचेरीत किंवा शाळेत नोकरी धरणारा विद्यार्थी या विषयाला दहावीत भेटला नाही तर जन्मात भेटत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांतीचा होता, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

आणि बारावीत जे ठेवले त्याची अवस्था काय होती? या शतकात निघालेल्या परिषदेच्या बारावीच्या जीवशास्त्रातही दीड कोटी वर्षांपूर्वीचा रामापिथेकस 'अधिक मानवसदृश' म्हणून नांदत होता. जगातल्या तज्ज्ञांनी त्याला १९८० च्या दशकातच निरोप दिला, ही वार्ता त्या पुस्तकापर्यंत पोचलेली दिसत नाही. पुढे तेच वाक्य स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि शिकवणी वर्गांच्या टिपणांत उतरले. ही टिपणे कोणी कोणावरून उतरवली याचा साक्षीदार नाही. पण रामापिथेकसच्या त्या वाक्यावरून त्यांचे मूळ कोणते, हे कोणत्याही शिक्षकास सांगता येईल.